एत्रोग नावाचे बक्षीस

कॅनडाचे सिनेमाचे राष्ट्रीय पारितोषिक एके काळी 'एत्रोग' या नावाने ओळखले जात होते. दहा-बारा वर्षे तरी हे नाव चालले. होय, तोच एत्रोग, जो आपण सुक्कोथला लुलावबरोबर हातात धरतो. मराठीत ज्याला महाळुंग म्हणतात ते फळ. नटनट्यांनी व्यासपीठावर येऊन एत्रोग स्वीकारावा, यंदाचे एत्रोग कुणाकुणाला मिळाले याची लोकांनी चर्चा करावी, हे ऐकून इस्राएलमधील आमच्या नातेवाइकांना हसू येते. ते फोनवर विचारतात, "तुमच्या कॅनडाला स्वतःचा ऑस्कर नाही का?" आहे. त्याची हकीकत सांगण्याजोगी आहे, आणि ती आम्ही राहतो त्या ओटावातच सुरू होते.

आधी नावाचा उलगडा करू. फळाचा आणि सिनेमाचा संबंध काही नाही. सोरेल एत्रोग हे एका शिल्पकाराचे नाव. १९३३ साली रुमानियातील याश शहरात, यहुदी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. युद्धाचा काळ सोसून हे कुटुंब १९५० साली इस्राएलला आले. सोरेल यांनी तेल अवीवला कलेचे शिक्षण घेतले, सैन्यात सेवा केली, मग शिष्यवृत्ती मिळवून न्यूयॉर्कला गेले आणि १९६३ साली टोरोंटोत स्थायिक झाले. म्हणजे ज्या वर्षांत आपली मंडळी मुंबईहून येऊन बेर शेवा, डिमोना इथे नवीन संसार थाटत होती, त्याच वर्षांत हा तरुणही तिथेच नवी भाषा शिकत होता. १९६६ साली व्हेनिसच्या जगप्रसिद्ध कलाप्रदर्शनात त्यांनी कॅनडाचे प्रतिनिधित्व केले. पुढे दोनच वर्षांनी त्यांच्याकडून सिनेमाच्या पारितोषिकासाठी एक पुतळी घडवून घेण्यात आली. उंच, सोनेरी, माणसाचा भास व्हावा अशी, पण नाकडोळे नसलेली. लोक तिला शिल्पकाराच्याच नावाने हाक मारू लागले. अशा रीतीने एका यहुदी निर्वासिताचे आडनाव कॅनडाच्या सिनेमाला चिकटले.

पारितोषिके मात्र त्याहून जुनी आहेत.

१९३९ साली कॅनडा सरकारने राष्ट्रीय चित्रपट मंडळ स्थापन केले आणि जॉन ग्रिअरसन या स्कॉटिश गृहस्थांना त्याचे प्रमुख नेमले. माहितीपट हा प्रकार नावारूपाला आणला तो ह्याच माणसाने. मंडळाचे बिऱ्हाड ओटावात नदीकाठच्या एका जुन्या लाकडाच्या गिरणीत होते. युद्ध चालू होते, लोकांना धीर देणारे आणि माहिती देणारे चित्रपट हवे होते, आणि त्या गिरणीतून ते भराभर बाहेर पडू लागले. 'चर्चिल्स आयलंड' या त्यांच्या माहितीपटाला माहितीपटासाठी दिलेला पहिलावहिला ऑस्कर मिळाला. आपल्याकडे १९४८ साली मुंबईत फिल्म्स डिव्हिजन निघाले त्यामागे असाच विचार होता. मुख्य सिनेमा सुरू होण्यापूर्वी जो न्यूजरील बघावाच लागे, आणि ज्याच्या वेळी आपण शेंगदाणे घ्यायला बाहेर पळत असू, तो त्यांचाच. त्या फिल्म्स डिव्हिजनचे मुख्य निर्माते १९५६ पासून काही वर्षे एझ्रा मीर होते. कलकत्त्याच्या यहुदी घरातला हा माणूस, मूळ नाव एडविन मायर्स. न्यूजरील बघताना हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक होते?

तर २७ एप्रिल १९४९ रोजी ओटावाच्या एल्गिन रस्त्यावरील लिटल एल्गिन थिएटरात पहिल्या कॅनेडियन फिल्म अवॉर्ड्सचा समारंभ झाला. पुढाकार कोणाचा होता? प्रौढ शिक्षणाचे काम करणाऱ्या राष्ट्रीय संस्थेचा. आम्हा शिक्षकमंडळींना याचा आनंद वाटणारच. सिनेमा हे खेड्यापाड्यांतल्या, शाळा सुटलेल्या माणसांना शिकवण्याचे साधन आहे, अशी त्या लोकांची श्रद्धा होती. गावोगावी, चर्चच्या हॉलमध्ये, शाळांत प्रोजेक्टर नेऊन चित्रपट दाखवीत. म्हणून पहिल्या वर्षीच्या मानकऱ्यांत तुम्हाला प्रेमकथा किंवा नाचगाणी सापडणार नाहीत. सगळा भर लघुपट आणि माहितीपट यांच्यावर. दोन-तीन तासांचे कथापट कॅनडात तेव्हा क्वचितच निघत. थिएटरे होती, प्रेक्षक होते, पण पडद्यावर अमेरिका होती. शेजारी एवढा बलाढ्य, भाषाही तीच. मग घरचा सिनेमा कोण काढणार?

'वर्षातील चित्रपट' हा पहिला मान मिळाला 'द लून्स नेकलेस' या अवघ्या अकरा मिनिटांच्या रंगीत लघुपटाला. तो काढला होता ओटावाच्याच क्रॉली फिल्म्सने. 'बज' क्रॉली आणि त्यांची पत्नी ज्युडिथ या जोडप्याची ही कंपनी. गोष्ट पश्चिम किनाऱ्यावरच्या आदिवासींची दंतकथा आहे. एक आंधळा म्हातारा लून पक्ष्याकडे जातो. लून म्हणजे पाण्यात बुडी मारणारा, काळापांढरा पक्षी. कॅनडाच्या एक डॉलरच्या नाण्यावर तोच आहे म्हणून त्या नाण्याला सगळे 'लूनी' म्हणतात. पक्षी म्हाताऱ्याला घेऊन पाण्यात बुडी मारतो आणि त्याची दृष्टी परत येते. कृतज्ञतेने म्हातारा गळ्यातली शिंपल्यांची माळ त्याच्याकडे फेकतो, तेव्हापासून लूनच्या गळ्याभोवती पांढरा पट्टा. या लघुपटात माणसांचे चेहरे दिसतच नाहीत. ओटावाच्या राष्ट्रीय संग्रहालयात ठेवलेले आदिवासींचे जुने लाकडी मुखवटे घालून सगळी पात्रे वावरतात.

हा लघुपट आजही सुंदर वाटतो. पण एक गोष्ट खटकते. कथा आदिवासींची, मुखवटे आदिवासींचे, आणि सिनेमा काढणारे मात्र गोरे शहरी लोक. १९४९ साली कुणाला त्यात वावगे दिसले नाही. हा मुद्दा वाचकांनी लक्षात ठेवावा, आपण पुढे तिथे परत येणार आहोत.

सुरुवातीच्या काही वर्षी परीक्षकांनी 'वर्षातील चित्रपट' हा मान कोणालाच दिला नाही. योग्यतेचे काही आले नाही तर जागा रिकामी ठेवायची. आम्हाला ही पद्धत पसंत आहे. वर्गात कोणीतरी पहिला यायलाच हवा म्हणून पन्नास गुणांच्या मुलाला ढाल देऊ नये. आजच्या समारंभांत अशी हिंमत कोणी करणार नाही, कारण रिकाम्या जागेला जाहिरात मिळत नाही.

भारताने ही प्रथा पाच वर्षांनी सुरू केली. १९५३ सालच्या चित्रपटांसाठी १९५४ मध्ये पहिली राष्ट्रीय पारितोषिके दिली गेली, आणि राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक मिळाले ते आपल्या मराठीला. आचार्य अत्रे यांचा 'श्यामची आई'. साने गुरुजींचे पुस्तक शाळेत वाचलेले आणि वनमालाबाईंची आई पडद्यावर पाहून रडलेले वाचक या मासिकाला अजून आहेत, म्हणून जास्त सांगत नाही. एवढेच म्हणतो की ओटावात अकरा मिनिटांची दंतकथा आणि दिल्लीत कोकणातल्या गरीब आईची गोष्ट, असे दोन्हीकडे पहिले पाऊल पडले. सरकारी बक्षिसाची सुरुवात याहून वाईट होऊ शकली असती.

१९६८ साली कॅनडात सगळी मांडणी बदलली. कथापटांची संख्या वाढली होती, म्हणून नट, नटी, छायाचित्रण, संकलन यांना वेगवेगळी पारितोषिके आली, आणि त्याच वर्षी एत्रोग यांची पुतळी आली. यानंतरची दहा वर्षे गाजली ती सिनेमांइतकीच भांडणांनी. कॅनडात इंग्रजी आणि फ्रेंच अशा दोन भाषा. क्वेबेक प्रांताचा सिनेमा फ्रेंच, जोरकस आणि स्वाभिमानी. १९७१ साली क्लोद जुत्रा यांच्या 'मों ओंक्ल आंत्वान' या फ्रेंच चित्रपटाने बक्षिसांची लूट केली. पण १९७३ साली क्वेबेकच्या दिग्दर्शकांनी समारंभावर बहिष्कार टाकला. समारंभ रद्द झाला आणि निकाल पत्रकार परिषदेत सांगण्यात आले. पुढच्या वर्षी तर पारितोषिके दिलीच गेली नाहीत. कारणे अनेक सांगतात, मुळाशी दोन भाषांचा दुरावा होता असे आमचे मत. संयुक्त महाराष्ट्राच्या दिवसांत फोर्टात काय घडले ते पाहिलेल्या पिढीला भाषेवरून माणसे किती पेटतात हे आम्ही काय सांगावे?

१९७५ साली गाडी पुन्हा रुळावर आली, आणि त्या वर्षीचा व त्याच्या पुढच्या वर्षीचा मानकरी चित्रपट यहुदी घरांतले होते. १९७५ चा 'द अप्रेंटिसशिप ऑफ डडी क्रॅव्हिट्झ' हा मोर्डेकाय रिक्लर यांच्या कादंबरीवरून टेड कोचेफ यांनी काढलेला. माँट्रियलच्या गरीब यहुदी वस्तीतला एक पोरगा आजोबांचे शब्द मनात धरतो की जमीन नसलेला माणूस कोणीच नाही, आणि जमिनीपायी माणसे गमावत जातो. बर्लिनच्या महोत्सवातही या चित्रपटाला सर्वोच्च मान मिळाला होता. १९७६ चा 'लाइज माय फादर टोल्ड मी' त्याहून हळुवार. माँट्रियलमध्येच १९२० च्या दशकात घोडागाडीवर जुनेपाने गोळा करणारे धर्मनिष्ठ आजोबा आणि त्यांचा लहान नातू. आम्हाला विचाराल तर दोन्हींत हाच पहिल्यांदा पाहावा. तशी भंगाराची गाडी भायखळ्यालाही येत असे.

मग आला १९७९-८०. कॅनडाची सिनेमाची अकादमी स्थापन झाली, बक्षिसे तिच्या हाती गेली, आणि मार्च १९८० मध्ये टोरोंटोत नव्या नावाने पहिला समारंभ झाला. नाव: 'जिनी'. पुतळी तीच, शिल्पकार तेच. बदलले ते फक्त नाव. इंग्रजीत दिव्यातला जिन, फ्रेंचमध्ये प्रतिभा. दोन्ही भाषांत खपणारा शब्द, त्यामुळे व्यवहार म्हणून ठीकच. पण आम्हाला ते आवडलेले नाही. इस्राएलमध्ये सिनेमाच्या राष्ट्रीय पारितोषिकाला शायके ओफीर यांचे नाव आहे. 'हशोतेर अझुलाई' मधला तो भोळा पोलीस आठवला की आजही हसू आणि रडू दोन्ही येते. ओफीर १९८७ साली वारले, पण दर वर्षी एकदा सगळा देश त्यांचे नाव घेतो. सोरेल एत्रोग टोरोंटोतच राहात होते, २०१४ पर्यंत हयात होते; आणि इतकी वर्षे त्यांची पुतळी दुसऱ्याच नावाने वाटली जात होती. क्वेबेकने पुढे १९९९ पासून स्वतःची वेगळी पारितोषिके सुरू करून त्यांना जुत्रा यांचे नाव दिले होते. जुत्रांवर मरणोत्तर फार गंभीर आरोप झाले म्हणून २०१६ साली ते काढण्यात आले. तिथे कारण होते, ते समजते. एत्रोग यांच्या बाबतीत तसले काहीच नव्हते.

याच सुमारास टोरोंटोत आपला एक माणूस येऊन राहिला होता. डेव्हिड अब्राहाम चेऊलकर, सिनेमातले 'डेव्हिड'. 'बूट पॉलिश' मधले जॉन चाचा, ज्या भूमिकेसाठी त्यांना फिल्मफेअर मिळाले. पुढे फिल्मफेअरच्या समारंभाचे सूत्रसंचालन तेच करीत. टक्कल, मिश्कील हसू आणि हजरजबाबी इंग्रजी. १९७९ च्या 'गोलमाल' आणि 'बातों बातों में' मधले डेव्हिड काका सगळ्यांना आठवत असतील. त्यानंतर थोड्याच काळात त्यांचा अंत झाला तो टोरोंटोत. भारतात बक्षीस समारंभ कसा रंगवावा हे ज्यांनी शिकवले, ते त्याच शहरात होते जिथे कॅनडाचे समारंभ नव्याने सुरू होत होते. त्यांना कोणी आमंत्रण दिले असेल का, असा विचार मनात येतो.

टेलिव्हिजनची हकीकत थोडक्यात. १९८६ पासून इंग्रजी मालिकांसाठी 'जेमिनी' पारितोषिके दिली जाऊ लागली, लगेच पुढच्या वर्षी फ्रेंचसाठी 'जेमो'. २०१३ साली जिनी आणि जेमिनी एकत्र करून 'कॅनेडियन स्क्रीन अवॉर्ड्स' झाले. फ्रेंच टेलिव्हिजन मात्र वेगळेच राहिले. निवड करण्याची रीत अशी: निर्माते फी भरून चित्रपट किंवा मालिका दाखल करतात, त्यातून नामांकने ठरतात, आणि अकादमीचे सभासद, म्हणजे त्याच धंद्यातली माणसे, मत देतात. सर्वांत जास्त कमाई करणाऱ्या चित्रपटाला वेगळे बक्षीस आहे, म्हणजे लोकांचे मतही मोजले जाते, तिकिटाच्या खिडकीवर. २०२३ पासून उत्तम नट आणि उत्तम नटी असा भेद काढून टाकला. पुरुष आणि स्त्रिया एकाच रांगेत. आम्ही आधी नाक मुरडले. पण वर्गात मुलामुलींचे पेपर आपण कधी वेगळे तपासले होते? आता फक्त एवढे बघायचे की रांगेत पुढे कोण उभे राहते.

विजेत्यांत यहुदी नावे बरीच आहेत. डेव्हिड क्रोनेनबर्ग यांनी दिग्दर्शनाची जिनी अनेकदा नेली. त्यांचे चित्रपट मात्र झोपण्यापूर्वी बघण्याचे नव्हेत. युजीन लेव्ही आणि त्यांचा मुलगा डॅन यांच्या 'शिट्स क्रीक' या विनोदी मालिकेला २०१६ साली इथे मान मिळाला, आणि २०२० साली अमेरिकेने तिला नऊ एमी दिल्या. गर्भश्रीमंत कुटुंब सर्वस्व गमावून आडगावच्या लॉजवर येऊन पडते, एवढीच गोष्ट. नव्या देशात दोन बॅगा घेऊन उतरलेल्या कोणालाही ती कळेल.

भारताशी नाते दीपा मेहता यांच्यामुळे जुळले. वाराणसीच्या विधवांवरचा त्यांचा 'वॉटर' तिथे दंगा होऊन बंद पडला, मग श्रीलंकेत पुरा झाला. २००६ साली त्यातल्या भूमिकेसाठी सीमा बिस्वास यांना उत्तम अभिनेत्रीची जिनी मिळाली. हिंदी संवाद बोलून कॅनडाचे राष्ट्रीय पारितोषिक! पुढे हाच हिंदी चित्रपट कॅनडाने ऑस्करसाठी धाडला. २०२३ साली निशा पाहुजा यांच्या 'टू किल अ टायगर' ला उत्तम माहितीपटाचा मान मिळाला. झारखंडमधला एक गरीब शेतकरी आपल्या अत्याचार झालेल्या मुलीसाठी सगळ्या गावाविरुद्ध न्यायालयात उभा राहतो, त्याची ही सत्यकथा. पाहायला मन घट्ट करावे लागते. २०२४ साली 'ब्लॅकबेरी' ने चौदा बक्षिसे नेली. एका कॅनेडियन मोबाइल फोनचा चढ आणि पाड. तो फोन आमच्या मुलांकडे होता, सिनेमा त्यांना जास्त आवडला.

पण आमच्या मते या सगळ्या इतिहासातला मोठा दिवस २००२ चा. त्या वर्षी उत्तम चित्रपटाची जिनी मिळाली 'अतानारजुआत' ला. दिग्दर्शक झकारियास कुनुक. उत्तर ध्रुवाजवळच्या इग्लूलिक या छोट्या गावचे इनुइट. इनुइट लोकांच्या इनुक्टिटुट भाषेत लिहिलेला, बोललेला, अभिनय केलेला हा पहिला पूर्ण लांबीचा कथापट. ती भाषा बोलणारी माणसे काही हजार, लाखसुद्धा नाहीत. दंतकथा कुठे लिहिलेली नव्हती, म्हणून त्यांनी काय केले? गावातल्या आठ म्हाताऱ्यामाणसांना बसवून प्रत्येकाची गोष्ट ध्वनिमुद्रित केली आणि आठांची मिळून पटकथा बांधली. ती लिहिणारे पॉल अपाक अंगिलिर्क चित्रपट पुरा होण्यापूर्वीच वारले. पटकथेची जिनी त्यांना मरणोत्तर मिळाली. कपडे, होड्या, बर्फावरच्या गाड्या, सगळे जुन्या पद्धतीने गावकऱ्यांनी शिवले, बांधले. नायक उघड्या पायांनी, उघड्या अंगाने बर्फावरून मैलोन्‌मैल धावतो तो प्रसंग एकदा पाहिला की विसरता येत नाही.

१९४९ च्या त्या मुखवट्यांपासून इथपर्यंत यायला त्रेपन्न वर्षे लागली. मुखवटे गेले, चेहरे आले, आणि चेहऱ्यांना त्यांची भाषा आली. आपल्या समाजात कीर्तने होती, लग्नातली मेंदीची गाणी होती, एलियाहू हन्नबीच्या खंडाळ्याच्या गोष्टी होत्या. त्या पाठ असलेल्या बाया आता नव्वदीच्या घरात आहेत. इग्लूलिकच्या लोकांकडे साधा कॅमेरा आणि टेपरेकॉर्डर होता. आज तर प्रत्येक नातवाच्या खिशात दोन्ही असतात.

ओटावाकडे आता काय उरले आहे? राष्ट्रीय चित्रपट मंडळ १९५६ साली माँट्रियलला गेले. समारंभ टोरोंटोत होतो. लिटल एल्गिन केव्हाच बंद पडले. त्या रस्त्याने जाणाऱ्या तरुणांना तिथे काही घडले होते हे सांगितले तरी खरे वाटत नाही. मात्र १९७६ पासून ओटावात सजीव चित्रांचा, म्हणजे ॲनिमेशनचा आंतरराष्ट्रीय महोत्सव भरतो, आणि तो जगातल्या मोठ्यांपैकी आहे. त्याचे मूळही त्या लाकडाच्या गिरणीत आहे, कारण नॉर्मन मॅक्लरेन हा जादूगार ग्रिअरसननीच ओटावाला आणला होता. ते युनेस्कोच्या कामासाठी भारतातही येऊन गेले होते.

ज्यांना यातले काही बघायचे असेल त्यांनी नातवंडांना राष्ट्रीय चित्रपट मंडळाचे संकेतस्थळ उघडून द्यायला सांगावे. पुष्कळ लघुपट तिथे फुकट दिसतात. सुरुवात मॅक्लरेन यांच्या 'नेबर्स' ने करावी. आठ मिनिटांचा आहे, ऑस्कर मिळालेला आहे. दोन शेजारी कुंपणाजवळ उगवलेल्या एका फुलावरून भांडतात. त्यात एकही शब्द नाही, त्यामुळे मराठी न येणाऱ्या नातवालाही शेजारी बसवून पाहता येतो. 'अतानारजुआत' जवळजवळ तीन तासांचा आहे, तेव्हा चहा आधी करून ठेवावा.